न विचारता दिलेली माफी

सासऱ्याच्या तेराव्यालासुद्धा त्या घरात पाय ठेवायचा नाही असं ज्योत्सनेनं ठरवलं होतं, आणि आज ती त्याच्या बाप्तिस्म्याला निघाली होती.

हेमराजनं तिला शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं. जवाहरनगरच्या बाजारातून मासोळीचं रिकामं टोपलं घेऊन तो आला, हातपाय धुतले आणि जेवायला न बसता दाराशीच उभा राहिला. बाबांनी प्रभूला स्वीकारलं, म्हणाला. कैलाश पास्टरसमोर कबूल केलं, रविवारी बाप्तिस्मा आहे, तूही चल. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. हेमराजचं तसंच होतं. त्याला रडून मोकळं होता यायचं. ज्योत्सना पोळी लाटत होती. ती लाटतच राहिली, पोळी मधोमध फाटली तरी.

सासऱ्याच्या, बुधरामच्या, छातीत गाठ निघाल्यापासून हेमराज दर आठवड्याला मोटारसायकलवर तुमसरमार्गे गावी जात होता. सिहोऱ्याच्या पुढे, बपेऱ्याच्या वाटेवरचं ते गाव. बापाच्या उशाशी बसून तो वचन वाचतो हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं कधी अडवलं नव्हतं. म्हातारा ऐकेल असं तिला वाटलंच नव्हतं. उलट तो ऐकूनही तसाच मरेल, आणि मग वर कोणीतरी त्याला जाब विचारेल, या भरवशावर तिनं इतकी वर्षं काढली होती.

भरवशाला कारण होतं. हेमराज आणि ती प्रभूच्या मार्गात आली तेव्हा गावातल्या ढीवर समाजातलं ते पहिलंच घर. बुधराम तेव्हा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. तलाव, लहान तळ्यांसारख्या बोड्या, शिंगाड्याचे वाटे, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. त्यानं धाकट्या मुलाला आधी घरातून काढलं, मग तलावातून. गावाच्या टोकाला खोपडं घालून दोघं राहिली. पुढच्याच श्रावणात त्यांची कामिनी तापानं गेली. सात वर्षांची होती. तलावामागच्या माळावर ढीवरांची लेकरं पुरतात. हेमराज तिला घेऊन तिथं पोचला, तर बुधराम आधीच येऊन उभा होता आणि मोठा मुलगा लिलाधर काठी घेऊन त्याच्या बाजूला. ज्याची पूजा करता त्याच्या गावी न्या, बुधराम म्हणाला होता. पावसाची झड लागली होती. शेवटी ऑटोत, मांडीवर घेऊन, त्यांनी लेकराला भंडाऱ्याच्या कबरस्थानात नेलं. वाटभर ज्योत्सना तिच्या तोंडावरचं पाणी पुसत राहिली, जणू पोरीला सर्दी होईल.

त्यानंतर जवाहरनगर. हेमराज बाजारात मासोळी विकू लागला, ती तिथल्या फॅक्टरीतल्या लोकांच्या लेकरांसाठी चालणाऱ्या एका पाळणाघरात स्वयंपाक करू लागली. तिथली ख्रिस्ती मंडळी लहानशी होती. बायकांच्या संगतीत वचन शिकवायचं काम हळूहळू तिच्याकडेच आलं. तारण कृपेनं मिळतं, कर्मानं नाही. देवानं जो करार केला तो आपण चांगले म्हणून नाही, तो चांगला म्हणून. हे ती इतकं सोपं करून सांगायची की नव्या बायकाही मान डोलवायच्या. स्वतः ती त्या करारात अगदी काटेकोर राहिली. शुक्रवारचा उपास तिनं कधी मोडला नाही, कोणाविषयी वाईट बोलली नाही, एक रविवार चुकवला नाही. देव बघत आहे, एवढंच तिला पुरेसं होतं. तो तिच्याकडे बघत होता तसाच बुधरामकडेही बघत असणार, हे त्यात आलंच.

गावात शिरल्यावर हेमराजनं गाडी हळू केली. तिनं माळाकडे पाहिलं नाही.

घर आता सिमेंटचं झालं होतं. अंगणात बांबूवर जाळी वाळत होती. कैलाश पास्टर आणि तुमसरच्या मंडळीतले चार विश्वासी आधीच आले होते आणि लिलाधर त्यांच्यासमोर हात बांधून उभा होता. बापानंतर संस्थेचा अध्यक्ष तोच झाला होता. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून तलावाच्या पायऱ्यांवर न्यायचं आणि तिथं पाण्यात बुडवायचं, असं पास्टरच्या मनात होतं. लिलाधर म्हणत होता, तलाव साऱ्या समाजाचा आहे, तिथं हे होणार नाही. घरात काय करायचं ते करा, तेही बाबा म्हणतात म्हणून. हेमराज मध्ये पडला. बाबांनी सारा जन्म त्या पाण्यात काढला, एकदा नेऊ दे, म्हणाला. लिलाधरनं भावाकडे न बघता सांगितलं, की तुझा बाप असेल, पण तलाव तुझा नाही. मोठ्यानं कोणीच बोलत नव्हतं. तेच जास्त वाईट वाटत होतं.

पास्टर समजूतदार माणूस होता. पाण्यानं कोणी तरत नाही, पाणी ही फक्त खूण आहे, असं म्हणून त्यानं वाद मिटवला. हातपंपाचं एक पितळी गुंडभर पाणी आणा, खाटेवरच करू. आतून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बुधरामचा, फाटल्यासारखा, "आनली का रे तिले?"

हेमराजनं ज्योत्सनेकडे पाहिलं. ती त्या खोलीकडे न जाता बाजूनं वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

सखाबाई खाली बसून तांदूळ निवडत होती. सासू वाळून चिपाड झाली होती, कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू तसंच. तिनं वर पाहिलं, पाट पायानं पुढं सारला आणि परत तांदळात बोटं घातली. ज्योत्सना बसली. दुसऱ्या परातीतले तांदूळ तिनं पुढं ओढले. बराच वेळ दोघी खडे काढत राहिल्या.

"मी तीज केली," सखाबाई म्हणाली. "सोमवार केले. याच्यासाठी अनवाणी प्रतापगडाले गेली. पिऊन यायचा तेव्हा मार बी खाल्ला. आता हेमराज म्हनते, बाबा तरले. म्या म्हटलं, कायनं तरले? म्हनते, कायनंच नाई, माय. फुकट." तिनं खडा दाराबाहेर फेकला. "मंग माझे उपास कुठं गेले, सांग बरं मले. तू शिकवते म्हनते बायांले."

या प्रश्नाचं उत्तर ज्योत्सनेकडे तयार होतं. कित्येक बायकांना तिनं ते दिलं होतं. तीही त्याच वाटेवरून आलेली होती. पण आज ते जिभेवर येईना. सासू विचारत होती ते तिचंच होतं, फक्त सोमवारऐवजी शुक्रवार.

"मले नाई समजत, मामीजी," ती म्हणाली.

सखाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुले वाटत असन, पोर गेली अन् बुडी आजी आली बी नाई."

ज्योत्सनेला तसंच वाटत आलं होतं.

"त्या दिवशी त्यानं मले खोलीत घातलं अन् बाहेरून कडी लावली. म्या खिडकीतून पाह्यलं. तुमचा ऑटो गेला तेवढा दिसला. मागचं पोतं हालत होतं पाऊस येते म्हनून बांधलेलं. पोर नाई दिसली. कडी लिलाधरनं काढली, दिवे लागल्यावर. मी कोनालेच काई म्हटलं नाई. म्हनून काय होनार होतं?"

ज्योत्सनेचा हात परातीत तसाच राहिला. इतकी वर्षं जे तिनं सासूच्या नावावर धरलं होतं ते तिला खाली ठेवता येईना, आणि धरवेनाही. बाहेरून पास्टर तिला हाक मारत होता. ती उठली. उठताना तिनं सासूच्या खांद्याला हात लावला, आधारासाठी लावावा तसा.

हातपंपापाशी पास्टर गुंड भरून घेत होता. जवळ कोणी नव्हतं. तुम्ही बाबांजवळ का नाही बसत, त्यानं विचारलं. म्हाताऱ्याचा पश्चात्ताप खरा आहे. मी तीनदा खोदून विचारलं, भीतीनं म्हणतो का, हेमराजला बरं वाटावं म्हणून म्हणतो का. पण त्याला कळलं आहे. आपल्याकडे द्यायला काही नाही हे त्याला कळलं आहे, आणि मोठ्या माणसाला तेच कळायला सगळ्यात अवघड जातं.

"त्यायनं माफी मागली?" ज्योत्सनेनं विचारलं.

"मागितली, ताई. रडून मागितली."

"कोनाले?"

पास्टरच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पंपाचा दांडा त्यानं सोडून दिला.

"पोर माझी होती," ती म्हणाली. "हाकललं माझ्या पोरीले. अन् माफ केलं देवानं. मले न इचारता. हे कसं जमलं, पास्टर? तुमच्या घरी कोनी चोरी केली अन् मी त्याले म्हटलं, जाय बापा, माफ केलं, तर तुमाले कसं वाटन?"

पास्टरनं भरलेला गुंड बाजूला सरकवला. मग म्हणाला, प्रत्येक पाप शेवटी त्याच्याविरुद्धच असतं, आणि त्यानं स्वतःच्या मुलाचा जीव देऊन ते भरलं आहे. लेकरू गमावणं त्याला माहीत नाही असं नाही.

"त्याचा तिसऱ्या दिवशी जिता उठला," ज्योत्सना म्हणाली.

म्हटल्यावर तिची तीच दचकली. असं काही आपल्या तोंडून निघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पास्टरला राग आला नाही, आणि त्यामुळं तिला आणखीच उघड्यावर पडल्यासारखं झालं. त्यानं गुंड उचलून खांद्यावर घेतला आणि एवढंच म्हणाला, की करार माणसानं पाळला म्हणून टिकत नाही, ताई. हे मी तुमच्याकडूनच ऐकलं होतं, दोन वर्षांपूर्वी, जवाहरनगरच्या सभेत.

खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे होते. खाटेवर बुधराम उशांना टेकून बसला होता. ज्याच्या एका हाकेनं तलावाच्या पल्याडचा डोंगा परत फिरायचा, त्या माणसाचं आता नुसतं हाडांचं माप उरलं होतं. नाकात नळी होती, अंगावर धुतलेला सदरा. ज्योत्सना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. सखाबाई भिंतीशी बसली, देवळीतल्या देवाकडे तोंड करून. लिलाधर आत आला नाही. तो ओसरीवर होता, पण ऐकू येईल इतक्या जवळ.

पास्टरनं पापं कबूल करायला सांगितलं, आणि बुधराम दर दोन शब्दांना दम घेत बोलू लागला. मी बायकोले मारलं. भोजराजच्या बोडीत मासोळी माराले इख टाकलं अन् आळ दुसऱ्यावर घातला. संस्थेत गरिबाचं ऐकलं नाई. धाकट्याले घराबाहेर काढलं.

इथं त्याचा श्वास अडकला. हेमराजनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"त्याच्या पोरीले माती देऊ नाई देली," बुधराम म्हणाला. "हे सगळ्यात मोठं. देवा, हे सगळ्यात मोठं."

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. विश्वासी लोक डोळे मिटून हलके हलके प्रार्थना करत होते. ज्योत्सना डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. त्यानं एकदा नाव घ्यावं. एकदा मान वळवून दाराकडे पाहावं. त्यानं छताकडे पाहिलं. पास्टरनं गुंड कलता केला, पाणी त्या टकलावरून, मानेवरून, सदऱ्यावरून खाली गेलं, खाटेच्या दोऱ्यांमधून जमिनीवर टपटपलं, आणि बुधरामनं तोंड वर करून एक मोठा श्वास घेतला. खोलीत कोणीतरी हालेलुया म्हणालं. हेमराज बापाच्या गळ्यात पडला होता.

म्हाताऱ्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. आंघोळ घालून, पुसून, उन्हात बसवलेल्या लेकराचा असतो तसा. ज्योत्सनेनं कित्येक माणसांच्या बाबतीत तो चेहरा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तिला आनंद झाला होता. आज तिनं मान ओसरीकडे वळवली.

सदरा बदलून झाल्यावर पास्टरनं पिशवीतून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षाच्या रसाची बाटली काढली. खाटेच्या बाजूला स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला. तो भाकर मोडणार, तेवढ्यात बुधरामनं हात वर केला.

"हेमराज. एक मांगतो. मी गेलो का मले जारू नोका. भंडाऱ्याले न्या." त्यानं दम घेतला. "मले नातीजवळ ठेवा."

ओसरीवर लिलाधर उठून उभा राहिल्याचं ऐकू आलं. थोरल्या मुलाचा अग्नी द्यायचा मान होता तो, आणि बाप तो काढून घेत होता, हे सगळ्यांनाच कळलं. पण हेमराज कोणाकडेच बघत नव्हता. "हो बाबा," तो हुंदका देत म्हणाला. "हो. तिच्याजवळच ठेवू."

"नाई," ज्योत्सना म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, तरी सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तिच्याजवळ नाई. तुमी तिले जिथून हाकललं तिथं मी कधी गेली नाई, मामाजी. आता ती जिथं आहे तिथं तुमी येऊ नोका."

हेमराजनं तिचं नाव घेतलं, विनवल्यासारखं. आजवर नवऱ्याला तिनं चारचौघांत कधी तोडलं नव्हतं. "तुमी हो म्हटलं," ती त्याला म्हणाली, "मले इचारलं? या घरात कोनी कोनाले इचारतच नाई. बाप बी नाई, लेक बी नाई. देव बी नाई." आणि ती चौकट सोडून बाहेर निघाली.

अंगणाच्या कडेला, जाळ्यांच्या आडोशाला ती उभी राहिली. हात तिनं पदरात गुंडाळले. आत पास्टर सावकाश काहीतरी बोलत होता. नवा करार, सांडलेलं रक्त, पुष्कळांसाठी. शब्द तिला पाठ होते. मनात कोणाविषयी काही असेल तर प्रभूच्या त्या मेजाशी येऊ नये, आधी जाऊन समेट करावा, हेही तिनंच बायकांना शिकवलं होतं. इतकी वर्षं जिनं पाळलं ती बाहेर, आणि ज्यानं आज सकाळपर्यंत काही पाळलं नाही तो आत. हसावं असं तिला वाटलं, पण हसू आलं नाही.

लिलाधर जाळ्यापलीकडून आला. इतकी वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तो थोडं अंतर ठेवून उभा राहिला आणि जाळ्याचा एक फाटका भाग बोटांनी जुळवत राहिला.

"बरं झालं नाई म्हटलं," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी नाई म्हटलं, भाऊजी."

"मालूम आहे. काठी माझ्या हातात होती. मारायले नव्हती आनली. बाबा म्हनले, घे, म्हनून घेतली. लहान भाऊ पोर घेऊन उभा, अन् मी काठी घेऊन." त्यानं जाळं सोडलं. "मी मनाले सांगत आलो, बाबा बरोबर होते तर मी बी बरोबर होतो. जातीसाठी केलं. आता तो मानूसच म्हनते, चुकलो. तो सुटला. पानी टाकलं अन् सुटला. मी कुठं जाऊ मंग? माझी बाजूच घेऊन गेला तो."

ज्योत्सनेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचेही केस पांढरे झाले होते. हनुवटी बापासारखीच, आणि ती आता स्थिर राहत नव्हती. कुठं जाऊ, हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी इतका सरळ विचारला नव्हता. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. दहा पावलांवर, त्या खोलीत, स्टुलावर मांडलेलं होतं. याच्यासारख्या माणसाची ती बायकांच्या संगतीत वर्षानुवर्षं वाट बघत आली होती. कोणी असं येऊन विचारेल आणि आपण हात धरून नेऊ.

तिनं उत्तर दिलं नाही. भाऊजी, ऊन लागते, सावलीत व्हा, एवढंच म्हणाली.

सखाबाई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. "तो रस पिऊन नाई राहिला," तिनं सांगितलं. "भाकर बी हातातच धरली आहे. ज्योत्सना आल्याशिवाय नाई म्हनते. पास्टर म्हनला, घ्या, बाबा, तुमाले त्रास होते. तर मुंडी हालवते नुसती."

ज्योत्सनेच्या अंगात आग उठली. म्हातारा मरायला टेकला तरी आपलंच चालवत होता. आधी लेकराला जागा नाकारली, मग तीच जागा मागितली, आणि आता देवाचा प्याला हातात धरून तिला वेठीला धरलं. तो न पिता मेला, तर तेही तिच्याच नावावर. ती जायला तयार नव्हती. पण सासू तिथंच उभी होती, काही न मागता, आणि तिच्या पाठीमागं त्या खोलीची खिडकी दिसत होती, जुनीच, लाकडी गजांची. ज्योत्सना आत गेली.

बुधरामच्या दोन्ही हातांत स्टीलचा लहान पेला होता. हात कापत होते, रस हिंदकळून बोटांवर आला होता. हेमराज पेल्याखाली तळहात धरून बसला होता. ती खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. बघायला त्याला फार कष्ट पडत होते, ते श्वासाचे नव्हते.

"तुले मांगाची हिंमत नाई झाली," तो म्हणाला. "देवाले मांगनं सोपं होतं."

तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर आत काहीतरी वितळेल. काही वितळलं नाही. उलट दुखणं जिथं होतं तिथंच नीट दिसू लागलं.

"तिचं नाव घ्या," ती म्हणाली.

बुधरामचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मग निघाला. "कामिनी."

हेमराजनं डोळे मिटले होते. ज्योत्सना बोलली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता, पाळणाघरात लेकरांना जेवण वाढताना असायचा तसा.

"प्या तुमी. तो प्याला देवाचा आहे, मी अडवनारी कोन? माझ्यासाठी थांबू नोका, मले वेळ लागन. किती लागन, मालूम नाई. पन जागा माझ्या पोरीची आहे. तिथं मी नाई म्हटलं, ते नाईच."

हेमराजनं मान वर केली. काहीतरी बोलणार होता, पण बापानं त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"बरं," बुधराम म्हणाला.

सखाबाईनं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. त्या तोंडातून असं 'बरं' निघालेलं तिनं संसारात कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, कसाबसा गिळला, आणि हेमराजच्या आधारानं पेला ओठाला लावला. दोन घोट घेतले. तिसरा खाली ओघळला.

पास्टरनं त्याच्या हातातून पेला घेतला, तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावर पेला ज्योत्सनेसमोर धरला. तळाशी अजून रस होता. सगळे तिच्याकडे बघत होते, ओसरीवरून लिलाधरही.

तिनं हात पुढं केला नाही. मान वळवलीही नाही.

"झाकून ठेवा," ती म्हणाली, आणि सासूच्या हाताखाली भात उतरवायला स्वयंपाकघरात गेली.